मागच्या खिडकीवरचा क्लिक

मनकवड्यानं चित्राला विचारलं नाही, एवढंच काय ते झालं. विचारलं असतं तर ती 'नाही' म्हणाली असती, आणि डबा खाऊन, उरलेली पाळी संपवून संध्याकाळी घरी गेली असती. पण त्यानं विचारलं नाही, कारण त्याला खात्री होती. खात्री असलेल्यांचं हेच असतं, ते कुणाला विचारत नाहीत.

चित्रा कहार राजणीच्या नियंत्रण कक्षात ऑपरेटर होती. मोहना नदीवरची सगळी धरणं आता त्या एका खोलीतून चालतात. पूर्वी प्रत्येक धरणावर एक ऑपरेटर, एक चौकीदार आणि त्यांनी पाळलेलं एखादं कुत्रं असायचं. माणसं गेली, कुत्री तेवढी राहिलीत. खोलीत भिंतभर वळणदार पडदा, त्यावर प्रत्येक धरणाची एक खिडकी, आणि समोर खुर्चीत एकच माणूस. इतक्या खिडक्या एकाच वेळी पूर्ण मांडायला जागा नाही, म्हणून त्या एकमेकींवर चढलेल्या. पत्ते खेळताना आपण हातात पानांचा पंखा धरतो ना, तशा. प्रत्येक खिडकीचा उजवीकडचा खालचा कोपरा तेवढा बाहेर डोकावणार, कारण दरवाजा उघडायचं बटण त्याच कोपऱ्यात. ही मांडणी खास राजणीची, आणि ती चित्रानंच बसवलेली. दुसऱ्या कक्षांतले लोक येऊन बघायचे आणि 'हे काय जुगार मांडल्यासारखं' म्हणून हसायचे.

आता मागे पडलेल्या खिडकीवर क्लिक केलं की काय व्हावं, हा प्रश्न ऐकायला अगदीच फुटकळ आहे. त्याला उत्तरं दोन. एक तर त्या क्लिकनं खिडकी नुसती पुढे यावी, आणि क्लिक तिथंच संपावा. त्याखाली एखादं बटण असलं तरी त्याला पत्ता लागू नये. नाहीतर खिडकीही पुढे यावी आणि बटणही दाबलं जावं. पहिल्या रीतीत वेळ जातो, दुसरीत धोका असतो. संगणक बनवणारे लोक यावर किती वर्षं भांडतायत कोण जाणे. आपण त्या भांडणात कधी पडलो नाही, कारण आपल्या चुकीच्या क्लिकनं फार तर अर्धवट लिहिलेली मेल साहेबाला जायची.

राजणीला पहिली रीत होती. मग चित्रानं हाताला एक सवय लावून घेतली. कोपऱ्यावर, नेमकं बटणावरच क्लिक करायचं. हा क्लिक वायाच जाणार, खिडकी पुढे येणार. हात तिथंच टेकलेला ठेवून पाण्याची पातळी वाचायची, नदीपात्राचा कॅमेरा बघायचा, आणि मगच दुसरा क्लिक. माउस तसूभरही हलवायचा नाही. तिचं बघून सगळे तसंच करायला लागले आणि राजणी कक्ष कामाला सगळ्यांत चपळ म्हणून गाजला.

मग दोन हजार एक्केचाळीस सालचा पूर आला. एकाच रात्री एवढे दरवाजे उघडायचे होते की प्रत्येकाला दोन-दोन क्लिक, वर संगणकाचं 'नक्की ना?' आणि त्याला 'हो' म्हणणं, यात वेळ गेला आणि एका गावाची खालची आळी पाण्याखाली गेली. त्यानंतर सरकारनं मनकवडा आणला. हा मनगटावर बांधायचा पट्टा. बोट हलायच्या आधी मेंदूचा निरोप मनगटातून जातो, आणि तो जाताना विजेचा जो बारीक तरंग उठतो, तो कातडीवरूनही टिपता येतो. माणसाला खिडकी नुसती पुढे आणायची असेल तर तो कुठंही क्लिक करतो, हात सैल असतो. बटण दाबायचं असेल तर शेवटच्या क्षणी हात मंदावतो, नेम धरतो, स्नायू आवळतात. पट्टा हे ओळखायला शिकतो आणि प्रत्येक क्लिकबरोबर हेतूचा आकडा काढतो. आकडा नव्वदच्या वर गेला तर मागच्या खिडकीवरचा क्लिकसुद्धा थेट बटणापर्यंत जातो. कमी असला तर विचारतो.

शिकवायला अर्थातच चित्राचा हात निवडला. कित्येक महिने तो पट्टा नुसता बघत होता. तिच्या हाताचा जो साचा तयार झाला, तोच नव्या माणसाला सुरुवातीला देतात. त्याचा स्वतःचा हात ओळखीचा होईपर्यंत मनकवडा त्याला चित्राच्याच हातानं वाचतो. चित्राला याचा केवढा अभिमान. नवरा हर्षल चिडवायचा, "आता सगळ्या महाराष्ट्राला तुझं वळण लागणार. आमचं काही खरं नाही."

मनकवडा नुसता न बघता खरोखर चालू झाला, त्या पहिल्याच दिवशी सकाळी तिचं आणि दिगूचं भांडण झालं होतं.

दिगू तिचा धाकटा भाऊ. दिवाळी होऊन नदी आटली की तो उंबरदांड धरणाच्या खालच्या वाळूवर बिऱ्हाड घेऊन उतरायचा, त्यांच्या बापजाद्यांसारखाच. वाळूत चर खणायचे, शेणखत भरायचं, कलिंगडाचे वेल लावायचे आणि लव्हाळ्याची खोप घालून राखणीला राहायचं. धरणातून उन्हाळ्याचं पाणी कधी सुटणार, म्हणजे आवर्तन कधी, याची तारीख आधी जाहीर होते, आणि वाळूवरचे लोक त्याच्या आत सगळं आवरून वर येतात. यात नवीन काही नव्हतं. भांडण मायवरून होतं. मायचे गुडघे गेले होते, तरी तिला वाळूवरच राहायचं होतं.

"दिगू, तिला इकडं पाठव," चित्रा फोनवर म्हणाली. "पुढच्या आठवड्यात आवर्तन सुटायचंय. तिच्यानं चार पावलं चालवत नाही."

"आवर्तनाची तारीख मला पाठ हाय. दर साली आदल्या दिवशी वर काढतो, आवंदाबी काढीन."

"आणि आधीच सुटलं तर?"

"सोडनार तूच ना? मंग नको सोडू आधी." तो हसत होता, आणि तेच तिला झोंबलं.

"तुला राखणीला फुकटचं माणूस पाहिजे, दुसरं काही नाही."

हसणं थांबलं. "फ्लॅटात बसून बोल अजून. तुझ्याकडं माय दिवसभर दाराकडं बघत बसती. हितं वेलासंगं तरी बोलती."

"मग बसा तिथंच. एक दिवस सगळं वाहून जाईल तुझं, तेव्हा डोळे उघडतील."

असं आपण बोलतो. आपल्याच माणसाला बोलतो, आणि दुपारपर्यंत विसरतो. दिगूनं फोन ठेवून दिला.

पण चित्राला चैन पडेना. आवर्तन सुटल्यावर पाणी खोपीपर्यंत किती चढेल, हे तिला बघायचं होतं. म्हणजे दिगूला आकडा सांगून गप्प करता आलं असतं आणि मायला दोन दिवस आधी उचलायला लावता आलं असतं. उंबरदांडची खिडकी मागे पडलेली. तिनं नेहमीसारखा कोपऱ्यावर क्लिक केला आणि पातळीचा आकडा वाचायला मान पुढे केली.

आकड्याच्या जागी तिला तांबडी ओळ दिसली. 'दरवाजा तीन उघडत आहे.'

तिला आधी ते समजलंच नाही. कुणाचा दरवाजा, कोण उघडतंय, असं तिच्या मनात आलं. मग तिनं 'थांबा' दाबलं. पण दरवाजा एकदा हलला की पहिला टप्पा पुरा झाल्याशिवाय मागे फिरत नाही, नाहीतर त्याचा दांडा तुटतो. ती 'थांबा' दाबतच राहिली. कॅमेऱ्यात दरवाज्याखालून पांढरं पाणी फुटलं आणि कोरड्या पात्रात घुसलं. उंबरदांडवर दरवाजा बंद करायला माणूस नव्हता, धावत जाऊन ओरडायला चौकीदार नव्हता. भोंगा वाजला, पण तो वारा असेल त्या दिशेलाच ऐकू जायचा.

तिनं दिगूला फोन लावला. एकदा वाजून कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. ती पडद्याकडे बघत लावत राहिली आणि तो कापत राहिला. मग त्यानं फोन बंदच केला असावा, कारण पुढे नुसती टेप ऐकू यायला लागली. दिगू त्या वेळी काठावर, वाऱ्याच्या उलट अंगाला, टेंपोत कलिंगडं भरत होता. खोपीपासून पळत पाच-सात मिनिटं. खालच्या अंगाला असलेले बाकीचे लोक भोंगा ऐकून वर चढले. दिगूची खोप धरणाच्या सगळ्यांत जवळ, आणि खोपीत माय एकटी होती.

ती दोन मैल खाली बाभळीच्या मुळांत सापडली.

चौकशी लगेच नेमली गेली आणि मनकवड्यातली नोंद काढली. हेतू, सत्त्याण्णव टक्के. वर्तमानपत्रांना तेवढंच पुरलं. कुणी काय केलं हे माणसं आजवर सांगत होती. कुणाच्या मनात काय होतं हे सांगणारं यंत्र पहिल्यांदाच साक्षीला उभं राहिलं, आणि त्याचा शब्द खाली पडू द्यायला कुणी तयार नव्हतं. दिगूनं जबाबात सकाळचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. सगळं वाहून जाईल तुझं, असं ताई म्हणाली होती.

तेराव्याला चित्रा गेली तर त्यानं तिला दारातच अडवलं. पाव्हणेरावळे मांडवात बसलेले. दिगूचे डोळे आत गेले होते, दाढी वाढलेली.

"माझ्यावर राग होता ना?" तो म्हणाला. "मंग माझ्यावर काढायचा. तिनं काय केलं होतं?"

"दिगू, मी फक्त बघायला गेले होते."

"मशीन खोटं बोलत नसतं. तुझ्याच हातावर शिकलंय ते, तूच सांगत होतीस साऱ्या भावकीला."

तिच्या ओठावर आलं होतं. मी तुला किती वेळा फोन केला, एकदा तरी उचलायचास. तिनं ते गिळलं. त्याच्या तोंडाकडे बघितल्यावर तिला स्वच्छ कळलं की यंत्र खरं आहे, हे दिगूला हवंच आहे. ताईनं मुद्दाम केलं असेल तर दोष सगळा ताईचा. तिनं केलं नसेल तर मग तो फोन उरतो, आणि त्याच्यासोबत त्याला एकट्याला रात्र काढावी लागेल. तो जगायचा नाही. ती न जेवताच परत फिरली आणि फोनचं कुणालाही बोलली नाही, चौकशी समितीलाही नाही.

घरी वेगळीच तऱ्हा. हर्षल चांगला माणूस, भांडायचा नाही. पण एकदा ताटावर बसल्यावर त्यानं हळूच विचारलं, "चित्रा, मला फक्त सांग. एक क्षणभरसुद्धा तुझ्या मनात आलं नव्हतं?"

"काय यायला पाहिजे होतं?"

"तसं नाही. म्हणजे, मनाच्या खाली काय असतं ते आपल्याला कुठं कळतं. त्या पट्ट्याला कळत असेल."

तो असं बोलला याचं तिला जेवढं दुःख झालं, त्याहून जास्त भीती वाटली, कारण हाच विचार तिलाही पोखरत होता. राग तर होता. कोपऱ्यावर बोट पडलं तेव्हाही डोक्यात दिगूच होता. आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी हातानं ऐकलं असेल का? ती भांडी घासताना आपल्या उजव्या हाताकडे बघत राहायची. स्वतःच्या हाताची भीती वाटणं म्हणजे काय, हे ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. नोकरी जाणार होती, कदाचित तुरुंगही होता, पण त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. दिगूनं एकदा मानावं की ताईनं हे केलं नाही, एवढंच पाहिजे होतं. आणि आता ते स्वतः मानणंही तिला जमेनासं झालं होतं.

समितीनं तिला एक संधी दिली. राजणीच्याच खोलीत सरावाचा पडदा मांडला. सगळं खऱ्यासारखं, फक्त तारा धरणापर्यंत गेलेल्या नाहीत. अध्यक्ष चंद्रात्रे म्हणून निवृत्त अभियंता होते, आणि मनकवडा बनवणाऱ्यांकडून केळुसकर नावाचा तरुण आला होता. फिर्यादी म्हणून दिगूला बोलावलं होतं. तो मागच्या खुर्चीत, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता.

"तुम्ही म्हणता, बघण्यासाठी केलेला क्लिक यंत्रानं चुकीचा वाचला," चंद्रात्रे म्हणाले. "बघण्यासाठी क्लिक करून दाखवा. चुकीचा वाचला तर तुमचं म्हणणं आम्ही लिहून घेऊ."

चित्रानं पट्टा बांधला. कोपऱ्यावर क्लिक केला. पट्ट्यानं विचारलं, 'दरवाजा उघडायचा आहे का?' आकडा होता चाळीस. तिनं पुन्हा केला. पस्तीस. तिसऱ्यांदा, दहाव्यांदा, दरवेळी यंत्र अदबीनं विचारत होतं. ती त्याला चुकायला लावायला बसली होती आणि ते चुकत नव्हतं. मागे दिगूची खुर्ची करकरली.

"माझा हात आता भ्यालेला आहे," ती म्हणाली. "बटण दाबलं जाईल म्हणून मागे ओढला जातोय. तेव्हा तो असा नव्हता."

केळुसकर खाली बघत म्हणाला, "ताई, वाईट वाटतं मला. पण हेतू नसला की आकडा खाली येतो, हेच तर यातून सिद्ध होतंय."

चित्रानं पट्टा काढून टेबलावर ठेवला. तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलंही नाही. "केळुसकर, तुमचं यंत्र माझ्याकडून शिकलं ना? त्यानं काय बघितलं, सांगते. कोपऱ्यावर माझा हात आवळतो, पहिला क्लिक होतो, आणि थोड्या वेळानं तिथंच दुसरा होतो. त्याला वाटलं, बाईचं आधीच ठरलेलं असतं, दुसरा क्लिक नुसता उपचार. मध्ये मी काय करत होते ते त्याला दिसलं नाही, कारण मध्ये हात हलतच नव्हता. मध्ये मी विचार करत होते. पाणी बघत होते. कितीदा तरी बघून सोडून दिलंय, दुसरा क्लिक केलाच नाही. तुम्ही आम्हाला वेळ वाचवून दिलात, तो नेमका हाच मधला वाचवलात."

केळुसकरनं हनुवटी खाजवली. "सोडून दिलेले क्लिक शिकवणीत धरले नव्हते," तो म्हणाला. "ते अपुरे म्हणून गाळले. पण म्हणून..."

"मग नवा माणूस बसवा. नव्या हाताला तुम्ही माझा जुना साचा लावता. जो माझ्यासारखा भ्यालेला नाही, असा कुणीही. त्याला सांगा, मागची खिडकी नुसती पुढे आण."

चंद्रात्र्यांनी मान हलवली. "असं कुणालाही बसवता येत नाही. इथले कर्मचारी तुमच्या बाजूचे. उद्या कुणी म्हणेल मुद्दाम दाबलं."

"मी बसतो," मागून दिगू म्हणाला.

सगळे वळले. तो उठून उभा होता, टोपी मुठीत चुरगळलेली. "मी तिच्या बाजूचा नाही, हे तुमच्या कागदात लिवलेलं हाय. मला कंप्युटरचं काई कळत नाई. माझ्या हातून नाई उघडलं, तर मंग हिला परत बोलू देऊ नका. एकदाचं मिटवा."

चित्रानं त्याच्याकडे बघितलं. याला बसवू नका, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. आपलं म्हणणं खरं ठरलं तर काय होईल, हे तिला त्याच क्षणी कळलं. पण चंद्रात्र्यांनी होकार दिला होता आणि केळुसकर पट्टा सैल करत होता. दिगूचं मनगट रुंद होतं, मायच्या वळणाचं.

"ती निळी खिडकी दिसते ना, मागची? उंबरदांडची," केळुसकर म्हणाला. "तिच्यावर क्लिक करून ती फक्त पुढे आणा आणि पाणी किती आहे ते आम्हाला वाचून दाखवा. बाकी काही करायचं नाही."

"दरवाजा उघडायचा नाई ना?"

"नाही, अजिबात नाही."

दिगूनं माउस अख्ख्या पंज्यात धरला. निळ्या खिडकीचा कोपराच तेवढा बाहेर होता, दुसरीकडे बोट ठेवायला जागाच नव्हती. तो खाली वाकला. बाण इकडेतिकडे भरकटला, त्यानं तो हळूहळू सरकवत कोपऱ्यावर आणला, हात स्थिर केला, आणि दाबलं.

खिडकी पुढे आली. तांबडी ओळ उमटली. 'दरवाजा तीन उघडत आहे.' शेजारी आकडा होता, चौऱ्याण्णव.

"पाणी कुठं लिवलंय?" दिगूनं विचारलं. मग भोंग्याचा आवाज आला. सरावाच्या पडद्यालाही भोंगा होता, खऱ्यासारखाच. दिगूनं माउस सोडला आणि हात छातीशी ओढून घेतला. "मी काय नाई केलं. मी पुढं आणली फकस्त. तुम्ही सांगितलं म्हणून आणली."

पडद्यावर दरवाज्याखालून पाणी निघालं आणि वाळूच्या रंगावर पसरत चाललं.

"बंद कसं करायचं हे?" त्यानं माउस पुन्हा पकडला, दिसेल तिथं दाबायला लागला. "सायेब, बंद करा. ताई, बंद कर. बंद कर ना ताई."

"अहो कहार, हे खरं नाही," चंद्रात्रे अर्धवट उठत म्हणाले. "सराव आहे. नुसतं चित्र आहे ते."

दिगूला ऐकू गेलं नाही. त्याचा आवाज लहान पोरासारखा फाटला होता. "ताई, खाली माय हाय."

चित्रा त्याच्या शेजारी आली. त्याच्या हातावर आपला हात ठेवून तिनं बाण 'थांबा'वर नेला आणि त्याच्या बोटासकट दाबला. दरवाजा थांबला नाही.

"थांबत का नाई?"

"पहिला टप्पा पुरा व्हावा लागतो. मग फिरतो."

"तवाबी असंच?"

"असंच."

तो पडद्याकडे बघत राहिला. "तवा तू मला फोन करत होतीस," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मी कापत होतो. तुझं नाव बघून कापत होतो. मला वाटलं, सकाळचं भांडण उकरून काढतीया."

"माहीत आहे मला."

"कुणाला बोलली नाईस."

"नाही."

"कुठला फोन?" चंद्रात्र्यांनी विचारलं. "आमच्या नोंदीत फोनचा उल्लेख नाही."

केळुसकर सरावाचा पडदा बंद करायला पुढे झाला, तर दिगूनं दुसऱ्या हातानं त्याला अडवलं. दरवाजा अजून वरच चालला होता, आणि दोघं बहीणभाऊ एकाच माउसवर हात ठेवून तो खाली यायची वाट बघत बसले.